दूरचा भाऊ आणि जवळचा शेजारी

(गृहोपासना व मोठ्यांच्या रविवार-वर्गासाठी पाठ)

शास्त्रभाग : नीतिसूत्रे २७:१०, रूथ, अध्याय १, २ व ४, यिर्मया २९:१–१४.



आमचे करमाड हे गाव छत्रपती संभाजीनगराहून जालन्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. निजामाच्या अमदानीत घातलेला लोहमार्ग गावाजवळून जातो, आणि पश्चिमेस शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. पूर्वी ह्या गावी परका मनुष्य दिसला, तर तो बाजारास आलेला असावा किंवा त्याची गाडी चुकली असावी, असे लोक समजत. आता तसे राहिले नाही. ज्या रानांत बाजरी व कापूस उभा असे, त्यांतील काहींच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या आहेत. त्या खोल्यांत बीड, परभणी व हिंगोलीकडील, तसेच बिहार व मध्य प्रदेशातीलही कुटुंबे भाड्याने राहतात. ज्यांचा गावात एकही आप्त नाही, अशी घरे त्यांत पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काही आपल्या ख्रिस्ती बांधवांची आहेत. आजचा पाठ त्यांच्याविषयी आहे, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपणांविषयीही आहे.

१. घरात उणे काय पडते

मनुष्य पोटासाठी गाव सोडतो तेव्हा भांडी, अंथरूण व मुले बरोबर घेतो. परंतु जे हात न बोलावता कामास येत असत ते मागेच राहतात. गावी आई रानात गेली तर तान्हे मूल आजीच्या मांडीवर असते. हा ताप दात येण्याचा की दवाखान्यात नेण्याजोगा, हे चुलतीस पाहताक्षणी कळते. बाप अडाणी असला तर काका शाळेत जाऊन सही करतो. नवराबायकोत शब्दाला शब्द लागला, तर थोरली जाऊ दोघांस दटावून वाद मिटविते. ही सर्व सेवा इतकी सवयीची असते की, तिला कोणी सेवा म्हणत नाही. परगावी आल्यावर पहिला महिना पगाराच्या आनंदात जातो. मग एके रात्री मूल तापाने फणफणते, बाप रात्रपाळीस गेलेला असतो, आणि आईला दाराबाहेर हाक मारावयास एक नाव आठवत नाही. आपण किती दूर आलो, हे तिला त्या रात्री कळते.

२. आमच्या हातून घडलेली चूक

दुसऱ्यांस शिकविण्यापूर्वी आम्ही आपली एक चूक कबूल करितो. काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, बीड जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले एक तरुण जोडपे आमच्या उपासनेस येऊ लागले. त्यांच्याबरोबर सात वर्षांची मुलगी होती. ती तिघे शेवटल्या सतरंजीवर बसत. पहिल्याच रविवारी आम्ही त्या गृहस्थास विचारिले, “आपल्या मंडळीचे पत्र आणिले आहे काय?” तो म्हणाला, “येईल, साहेब.” दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा तेच विचारिले, आणि तिसऱ्या रविवारीही. चौथ्या रविवारी ती माणसे आली नाहीत. आम्ही आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘अनियमित’ असे लिहिले आणि पान उलटले.

सुमारे दीड महिन्याने आमच्या मंडळीतील एका भाजी विकणाऱ्या भगिनीने आम्हांस गाठले. ती त्या खोल्यांकडे पाटी घेऊन जात असे. तिने सांगितले की, त्या बाईस सातवा महिना लागला आहे. तिची आई हयात नाही, त्यामुळे बाळंतपणास जावयास माहेर नाही. आणि मुलगी येथे आल्यापासून शाळेत गेलेली नाही, कारण एका ठिकाणी ‘आधी दाखला आणा’ असे सांगून त्यांस परत पाठविले होते. आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. घरात एकच खुर्ची होती, ती त्यांनी आम्हांस दिली. त्यांच्या गावच्या मंडळीस दोन वर्षे पाळकच नव्हता, हे तेव्हा आम्हांस समजले. मग पत्र लिहिणार कोण? बाईने तक्रार केली नाही. ती एवढेच म्हणाली, “इथं आम्हाला कुणी नावानं वळखत नाही, पाळकसाहेब. मालक म्हणतो तीन नंबर, दुकानदार म्हणतो तीन नंबर.”

आमच्या मनास ते लागले. आम्हीही त्यांचे नाव वहीत लिहिले होते खरे, पण तोंडाने कधी घेतले नव्हते. शाळेने दाखला मागितला म्हणून आम्ही रागावलो. परंतु आम्ही तरी तीन रविवार दुसरे काय केले होते?

३. बवाजाने काय केले

आता रूथच्या पुस्तकाकडे वळू. दुष्काळ पडल्यामुळे बेथलेहेमातील एक कुटुंब मवाब देशी गेले. तेथे सुमारे दहा वर्षांत घरातील तिन्ही पुरुष निवर्तले. नामी परत आली, आणि तिच्याबरोबर तिची मवाबी सून रूथ आली. एकीचे गाव हरवले होते, आणि दुसरीने आपले गाव मागे टाकिले होते. नामीने आपले दुःख लपविले नाही. आपणांस जुन्या गोड नावाने हाक मारू नका, असे ती वेशीपाशीच बायांस सांगते. त्यांनी तिला गप्प केले, असे शास्त्र सांगत नाही. दुःखितास लगेच उपदेश करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या अध्यायात बवाजाचे वर्तन क्रमाने पाहा. (अ) ही कोण, असे त्याने प्रथम विचारिले. (आ) गड्यांनी तिला त्रास देऊ नये, अशी ताकीद दिली. (इ) गड्यांनी भरून ठेविलेले पाणी तिने प्यावे, असे सांगितले. (ई) जेवणाच्या वेळी तिला आपल्या माणसांच्या पंक्तीस बसविले. (उ) तिच्या वाटेत मुद्दाम कणसे टाकावी, असे गड्यांस सांगितले, म्हणजे तिने ती आपल्या कष्टाने वेचून न्यावी. ह्यांत अवघड असे काहीच नाही. शिवाय सरवा वेचणे हा परक्याचा हक्क नियमशास्त्रानेच ठरविला होता (लेवीय १९:९–१०). बवाजाने हक्काची अडवणूक केली नाही आणि त्यात आपली माया घातली.

चौथ्या अध्यायातील एक गोष्ट वाचकांच्या नजरेतून पुष्कळदा निसटते. रूथला मुलगा झाला, तेव्हा त्याचे नाव ओबेद असे कोणी ठेविले? शेजारणींनी. आपल्या महाराष्ट्रात बारशाचा तो मान आत्येचा असतो. बेथलेहेमात त्या घरी आत्या नव्हती, म्हणून शेजारणी तिच्या जागी उभ्या राहिल्या. नाते रक्ताचे असते हे खरे, परंतु नात्याचे काम कोणी तरी केल्यावाचून नाते दिसत नाही. आणि ते काम शेजारीही करू शकतो.

४. जालन्याजवळचे बेथेल

हे केवळ जुन्या करारातील आहे, असे कोणी समजू नये. रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईस झाला. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत ह्याच्यावरून तेथील न्यायालयात खटला झाला, आणि न्यायालयाने त्या अल्पवयी मुलास बापाच्या स्वाधीन केले. दोघे भाऊ एकमेकांपासून तुटले. आईबापांच्या बाजूनेही ते दुःख लहान नव्हते, हे आपण मान्य केले पाहिजे. पुढे नारायणराव जालन्यास आले. निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्या अनुकूलतेने मिळालेल्या जमिनीवर त्यांनी नव्या ख्रिस्ती लोकांसाठी एक गाव वसविले, आणि त्यास बेथेल हे नाव दिले. बेथेल म्हणजे देवाचे घर. घरातून निघालेला याकोब वाटेत रात्र पडली तेव्हा दगड उशास घेऊन निजला, त्या ठिकाणाचे हे नाव आहे (उत्पत्ति २८). ज्याचे स्वतःचे घर दुरावले होते, त्याने दुसऱ्यांसाठी घरांचे गाव उभारिले.

५. त्याच लोहमार्गावर

जालन्याहून करमाडकडे येणाऱ्या लोहमार्गावर ८ मे २०२० रोजी जे घडले ते आम्ही विसरू शकत नाही. करोनाच्या साथीमुळे मार्चच्या अखेरीपासून देशभर टाळेबंदी होती. जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर काम बंद पडल्यामुळे घरी निघाले. भुसावळला जाऊन गावाकडची गाडी धरावी, असा त्यांचा बेत होता. रात्रभर रुळांच्या कडेने चालून ते करमाडजवळ आले. गाड्या बंद आहेत अशी समजूत असल्यामुळे, थकून काही जण रुळांवरच निजले. पहाटे पाचनंतर आलेल्या मालगाडीखाली त्यांतील १६ जण मरण पावले. बरोबर बांधून आणिलेल्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या.

त्यांचा दोष काढणे सोपे आहे, पण आम्ही तो काढणार नाही. संकटात मनुष्याचे पाय आपल्या माणसांकडे वळतात. ह्या जिल्ह्यांत हजारो हातांस काम मिळते, ही देवाची दया आहे. परंतु काम बंद पडले त्या दिवशी ‘थांब, आमच्याकडे दोन घास आहेत’ असे म्हणणारा शेजारी किती जणांस होता, हा प्रश्न तो लोहमार्ग आम्हांस अजून विचारितो.

६. आलेल्यांचे कर्तव्य

बाबेलास नेलेल्या लोकांस यिर्मयाने यरुशलेमाहून पत्र पाठविले. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा, असा त्याचा आशय आहे. परगावी आलेल्या बंधुभगिनींनो, स्थानकावर गाडीची वाट पाहत बसल्याप्रमाणे येथे दिवस काढू नका. ‘आज ना उद्या परत जाऊ’ असे म्हणता म्हणता मुलाची दोन इयत्ता बुडतात आणि उपासनेची सवय मोडते. येथील शाळेच्या पालकसभेस जा. शेजाऱ्याच्या दुखण्यात प्रथम तुम्हीच विचारपूस करा. घेणाऱ्याने देणाराही झाले पाहिजे.

मागील नातेही तोडू नका. दानिएल परदेशी मोठ्या पदावर होता, तरी त्याच्या माडीच्या खिडक्या यरुशलेमाकडे उघड्या असत. आठवड्यातून एक वेळ ठरवून आजीआजोबांस फोन लावा, आणि मुलांस त्यांच्याशी बोलू द्या. मामा, आत्या, चुलता ही नावे मुलांनी केवळ पुस्तकात वाचू नयेत.

७. मंडळीचे कर्तव्य

(१) नवे कुटुंब आल्याचे कळताच पहिल्या आठवड्यातच कोणी तरी त्यांच्या घरी जावे, आणि सर्वांची नावे विचारून पाठ करावी. पत्राची गोष्ट मागाहून काढावी.

(२) मुलांची शाळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळावयास हवा. जुन्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला, म्हणून प्रवेश नाकारिता येत नाही. आईबापांस हे ठाऊक नसते, किंवा सांगण्याचे धैर्य नसते. ज्यास लिहितावाचता येते त्याने त्यांच्याबरोबर जावे.

(३) धान्य. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ह्या योजनेखाली गावच्या कार्डावर येथील दुकानातही धान्य मिळू शकते. त्यासाठी कार्डास आधार जोडलेले असावे लागते.

(४) गरोदर बाई व लहान मुले. अंगणवाडीत व आशाताईंकडे नाव नोंदवून द्यावे. बाळंतपणाच्या वेळी रात्री कोण सोबत जाईल, हे आधीच ठरवावे.

(५) प्रत्येक नव्या घरास मंडळीतील एक वडीलधारे घर नेमून द्यावे. सर्वांनी करावयाचे काम कोणीच करीत नाही.

त्या तीन नंबरच्या खोलीचे पुढे काय झाले, ते सांगून पाठ संपवितो. मंडळीतील एका सेवानिवृत्त शिक्षकांनी मुलीचा हात धरून तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत नेले. तिला प्रवेश मिळाला. भाजीवाली भगिनी बाजार आटोपून रोज सायंकाळी तिकडे जाई. सरकारी दवाखान्यात मुलगा झाला, तेव्हा रात्रभर तीच बाहेर बसली होती. बारशाच्या दिवशी बाळाचे नाव कोणी ठेवावे, असा प्रश्न निघाला, तेव्हा आईने तिच्याकडे पाहिले, आणि तिने पदराने डोळे पुसून बाळाच्या कानात नाव सांगितले. मंडळीचे ते पत्र अद्याप आलेले नाही. आम्ही चौघांची नावे पुस्तकात लिहून घेतली आहेत.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या गल्लीत गेल्या वर्षभरात आलेल्या किती कुटुंबांची नावे आपणांस ठाऊक आहेत?
२. बवाजाने केलेल्या पाच गोष्टींपैकी कोणती आपल्या हातून ह्या आठवड्यात होऊ शकेल?
३. आपणच परगावी असाल, तर गेल्या महिन्यात कोणत्या शेजाऱ्यास मदत केली?

आठवड्याची वाचने

सोम. उत्पत्ति २८:१०–२२. मंगळ. रूथ १. बुध. रूथ २. गुरु. रूथ ४:१३–१७. शुक्र. लेवीय १९:९–१०, ३३–३४. शनि. यिर्मया २९:१–१४. रवि. इफिस २:१९–२२.

प्रार्थनेचा विषय : आपल्या गावी आलेली व आपल्या गावाहून गेलेली सर्व कुटुंबे, त्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी.