जलतरण तलावाचे पाणी : क्लोरीन खर्ची पडते कोठे ?

जलतरण तलावाजवळ जाताच नाकाला झोंबणारा वास आला, म्हणजे पाण्यात औषध भरपूर आहे व पाणी निर्धोक आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. उलटपक्षी, वास फार येतो अशी तक्रार झाली की कित्येक ठिकाणी क्लोरीनची मात्रा कमी केली जाते. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. तो उग्र वास शुद्ध क्लोरीनचा नसून मळाशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा असतो. मुलांना पोहावयास नेणारे शिक्षक, तलावांची देखरेख करणारे कर्मचारी व पालक यांनी यामागील रसायन समजून घेणे अगत्याचे आहे.

क्लोरीनचे कार्य

क्लोरीन पाण्यात मिसळले असता हायपोक्लोरस आम्ल तयार होते. रोगजंतूंचा नाश मुख्यत्वे हेच आम्ल करते. जे क्लोरीन अद्याप कशाशीही संयोग पावलेले नाही, त्यास ‘मुक्त क्लोरीन’ म्हणतात. पाण्याची खरी संरक्षक शक्ती ती हीच.

ही शक्ती पाण्याच्या सामूवर, म्हणजे आम्लता-अल्कतेच्या प्रमाणावर अवलंबून असते. सामू ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मा भाग प्रभावी आम्लाच्या रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाव हिश्श्यावर येतो आणि ८.५ झाल्यास जेमतेम दहावा हिस्सा उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तलावाचा सामू ७.२ ते ७.८ या दरम्यान ठेवण्यास सांगितले आहे. विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, स्वतः अल्कधर्मी असल्याने तिच्या वापराने सामू वाढत जातो, हे ध्यानी ठेवावे.

मळाचा परिणाम

पोहणाऱ्याच्या अंगावरून घाम, तेल, साबणाचा अंश व धूळ पाण्यात उतरते. काही जण पाण्यातच लघवी करतात. घाम व मूत्र यांतील युरिया आणि अमोनिया यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन ही संयुगे बनतात. डोळ्यांची आग, खोकला व तो परिचित वास ही त्यांचीच करणी. त्यांची जंतुनाशक शक्ती मुक्त क्लोरीनच्या मानाने फारच थोडी असते. म्हणजे जंतूंसाठी घातलेले औषध मळावरच खर्ची पडते.

पालापाचोळा, माती व शेवाळ हेही क्लोरीन शोषून घेतात. उघड्या तलावात कडक ऊन त्याचा झपाट्याने नाश करते. गाळणीत पालापाचोळा अडकतो. परंतु विरघळलेला युरिया अडकत नाही. तो कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे थोडे जुने पाणी काढून ताजे पाणी भरणे.

हा प्रश्न केवळ डोळ्यांच्या जळजळीचा नाही. नेग्लेरिया नावाचा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो व नाकावाटे मेंदूत शिरतो. ऑस्ट्रेलियात १९६५ साली या रोगाची प्रथम नोंद झाली. २०२४ साली केरळात अशा रोगाने मुले दगावली. पुरेसे मुक्त क्लोरीन असलेल्या पाण्यात हा अमीबा तग धरीत नाही. मळाने क्लोरीन संपविले की ते संरक्षण नाहीसे होते. जुलाबास कारणीभूत होणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र क्लोरीनलाही दाद देत नाही. तो पाण्यात येऊच न देणे हाच त्यावर उपाय.

काय करावे ?

१. तलावात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने किमान एक मिनिट अंग चोळून स्नान करावे. मुलांना आधी लघवीस पाठवावे.

२. जुलाब होत असलेल्या व्यक्तीस तलावात उतरू देऊ नये.

३. मुक्त क्लोरीन व सामू यांची तपासणी दररोज, गर्दीच्या दिवशी अनेकदा करावी व नोंदवहीत लिहावी. केवळ एकूण क्लोरीन मोजून भागत नाही. एकूणातून मुक्त वजा केले असता मळात अडकलेले क्लोरीन कळते.

४. क्लोरामाइन वाढल्यास तलाव रिकामा असताना क्लोरीनची मोठी मात्रा द्यावी. संयुक्त क्लोरीनच्या सुमारे दहापट मात्रा दिल्यास ती संयुगे मोडतात, असा सर्वसाधारण नियम आहे. पातळी पूर्ववत झाल्यावरच तलाव खुला करावा.

५. क्लोरीनचे संयुग व आम्ल कधीही एकत्र करू नये. विषारी वायू निर्माण होतो.

गावच्या विहिरीसही हाच नियम लागू आहे. चांगल्या प्रतीचे ब्लीचिंग पावडर १,००० लिटर पाण्यास साधारणतः २.५ ग्रॅम लागते. पण पाणी गढूळ असल्यास तेवढे पुरत नाही. एक तासानंतर दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे तपासावे. औषध किती घातले, यापेक्षा ते किती उरले याला महत्त्व आहे. आणि ते उरावे यासाठी पाण्यात मळ न जाऊ देणे हे प्रत्येकाच्या हाती आहे.