टी. व्ही. सुंदरम अय्यंगार : एक मोटार-व्यापारी आणि त्यांचे घर

अर्थशास्त्राच्या सरांनी यंदा आम्हाला 'एका भारतीय उद्योजकाचा परिचय' हा विषय अभ्यासासाठी दिला. वर्गातील बहुतेकांनी जमशेटजी टाटा, वालचंद हिराचंद व लक्ष्मणराव किर्लोस्कर ही नावे घेतली. मी घेतलेले नाव ऐकून एकदोघे हसले. 'टी. व्ही. एस. म्हणजे मोपेडच ना?' असे त्यांनी विचारले. माझे वडील मोटार दुरुस्तीचे काम करतात. त्यांच्या गॅरेजमधील फळीवर ही तीन अक्षरे छापलेली सुट्या भागांची खोकी मी लहानपणापासून पाहत आले आहे. ही अक्षरे एखाद्या यंत्राची नसून एका माणसाची आहेत, हे मात्र मला कॉलेजच्या ग्रंथालयात बसल्यावरच कळले. त्या माणसाचे चरित्र वाचताना जे शिकावयास मिळाले, ते येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

तिरुक्कुरुंगुडी हे तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागातील एक गाव. तेथे १८७७ साली सुंदरम यांचा जन्म झाला. तमिळ रीतीप्रमाणे नावाच्या आधी येणाऱ्या अक्षरांतील 'टी' हे अक्षर या गावाचे आहे. वडिलांच्या इच्छेप्रमाणे ते प्रथम वकिलीकडे वळले, पुढे त्यांनी रेल्वेत नोकरी केली आणि नंतर बँकेत. म्हणजे त्या काळी मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबाला सुरक्षित वाटणाऱ्या तिन्ही वाटा त्यांनी चालून पाहिल्या. वयाच्या चौतिशीच्या सुमारास ती सुरक्षितता सोडून त्यांनी १९११ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १९१२ मध्ये मदुरेत बससेवा सुरू केली. त्या वेळी मोटार ही संस्थानिकांची व साहेबांची वस्तू होती. सामान्य माणसाला बैलगाडी होती, नाही तर स्वतःचे पाय होते. अशा काळात तिकीट काढून कोणालाही मोटारीत बसता येईल, ही कल्पनाच नवी होती.

नवी सेवा सुरू करणे एक वेळ सोपे, परंतु तिच्यावर लोकांचा विश्वास बसविणे कठीण. सुंदरम अय्यंगार यांनी वेळेवर सर्वांत अधिक भर दिला. त्यांची बस गेली की लोक आपली घड्याळे लावून घेत, असे सांगतात. त्यांच्याविषयी आणखी एक हकिकत सांगितली जाते. तेव्हाच्या कच्च्या रस्त्यांवर बैलांच्या व घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असत व त्यामुळे बसगाड्यांची चाके वारंवार पंक्चर होत. पंक्चर झाले की वेळ गेली, आणि वेळ गेली की शब्द गेला. म्हणून त्यांनी मोठे लोहचुंबक बसविलेली एक गाडी रस्त्यावरून फिरवून हे खिळे वेचून घेण्याची व्यवस्था केली. या गोष्टीतील खरे मर्म मला असे वाटते की, रस्ता त्यांच्या मालकीचा नव्हता. वेचलेल्या खिळ्यांचा लाभ मागून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला मिळत होता. आपल्या धंद्याची सोय पाहताना चार लोकांचीही सोय होत असेल, तर तो धंदा समाजाला आपला वाटू लागतो. मदुरेत त्यांना जो मान मिळाला, त्याचा पाया येथे आहे.

बससेवेतून पुढे मोटारींचा व्यापार वाढला. मोटारींचा व्यापारी, म्हणजे ज्याला आपण 'डीलर' म्हणतो, त्याचे काम नुसते गाडी विकण्याचे नसते. कारखाना दूर असतो आणि गिऱ्हाईक गावात असते. या दोहोंमधील सर्व अंतर डीलरला भरून काढावे लागते. सुटे भाग साठवून ठेवणे, कारागीर शिकवून तयार करणे, बिघडलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणणे, ही त्याची खरी जबाबदारी. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी करण्याचा कारखाना काढला होता. परदेशातून सुटे भाग यावेत, शिवडीला त्यांची गाडी व्हावी आणि मग ती देशभरच्या डीलरांकडे जावी, अशी ही साखळी होती. अय्यंगार कुटुंबाची सुंदरम मोटर्स ही पेढी १९५० च्या दशकात जनरल मोटर्सची सर्वांत मोठी वितरक समजली जाई.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या व्यापाऱ्याची परीक्षा झाली. पेट्रोलची तीव्र टंचाई पडली. पेट्रोल नाही म्हणून बस उभी, आणि बस उभी म्हणून बाजार व दवाखाना माणसांपासून दूर. तेव्हा त्यांनी कोळशाच्या वायूवर मोटार चालविणारे 'टी. व्ही. एस. गॅस प्लांट' तयार केले. एका उभ्या टाकीत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला की त्यातून जळणारा वायू निघतो. तो थंड करून, गाळून इंजिनात सोडतात. इंजिनाचा जोर कमी पडतो आणि गाडी सुरू करण्यापूर्वी भट्टी पेटवून बसावे लागते, पण गाडी चालते. आपल्याकडील वडीलधारी मंडळी 'कोळशावरची मोटार' म्हणून ज्या गाड्यांची आठवण सांगत, त्यांचे तत्त्व हेच होते. याच सुमारास जुन्या टायरांवर नवे रबर चढविण्याचा कारखानाही त्यांनी काढला. टंचाईच्या काळात माल दडवून भाव वाढविणारे व्यापारी पुष्कळ असतात. टंचाईतून वाट काढून देणारा व्यापारी विरळा.

पुढे त्यांनी कारभार मुलांच्या हाती सोपविला. राजम, संथानम, श्रीनिवासन व कृष्णा या मुलांनी तो वाढविला. यांपैकी संथानम यांनी १९५४ मध्ये २ लाख रुपयांच्या भांडवलावर सुंदरम फायनान्स ही कंपनी सुरू केली. ज्याच्याजवळ ट्रकची पूर्ण किंमत नाही, त्याने काही रक्कम भरून ट्रक न्यावा, चालवून मिळविलेल्या पैशातून हप्ते फेडावेत आणि शेवटचा हप्ता फिटला की ट्रक त्याचा व्हावा, अशी ही भाडे-खरेदीची पद्धत. त्यामुळे ट्रकचा ड्रायव्हर ट्रकचा मालक होऊ शकला.

त्याच वर्षी धंद्यावर एक संकट आले. देशात सुटे भाग बनविण्याचा कार्यक्रम जे हाती घेतील त्यांनाच येथे मोटारी तयार करू द्याव्यात, असे धोरण सरकारने १९५३ मध्ये स्वीकारले होते. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. ज्यांच्या गाड्या विकावयाच्या तेच निघून गेले, तर डीलरने काय करावे? या कुटुंबाने सुटे भाग स्वतःच बनविण्याची वाट धरली. व्हील्स इंडिया (१९६०), ल्युकास टी. व्ही. एस. (१९६१), सुंदरम क्लेटन व ब्रेक्स इंडिया (१९६२) हे कारखाने त्यातून उभे राहिले. आमच्या फळीवरच्या खोक्यांचा उगम हा असा आहे. मोपेड तर १९८० साली आली. सुंदरम अय्यंगार यांनी मात्र हे कारखाने पाहिले नाहीत. २८ एप्रिल १९५५ रोजी कोडाईकॅनाल येथे त्यांचे निधन झाले.

येथवर लिहून लेख संपविता आला असता. परंतु त्यांच्या मुलांविषयी वाचत असता एका मुलीचे नाव आले आणि मला थांबावे लागले.

सौंदरम यांचा जन्म १९०४ चा. रीतीप्रमाणे त्यांचा विवाह लहान वयात झाला. पती डॉ. सौंदरराजन यांनी त्यांना शिकण्यास प्रोत्साहन दिले. पुढे प्लेगच्या साथीत ते गेले व सौंदरम यांना कोवळ्या वयात वैधव्य आले. त्या काळी अशा घरातील विधवेच्या वाट्याला काय येई, हे आपल्याकडे महर्षी कर्व्यांचे चरित्र वाचणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. परंतु सुंदरम अय्यंगार यांनी मुलीला कोपऱ्यात बसविले नाही. तिला शिकू दिले. ती दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात गेली आणि १९३६ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, डॉक्टर झाली. तेथे सुशीला नायर यांच्याशी तिची मैत्री झाली व त्यांच्यामुळे ती गांधीजींच्या सहवासात आली. याच सुशीला नायर यांनी पुढे १९६९ मध्ये आपल्या सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले.

गांधीजींच्या कार्यात केरळचे जी. रामचंद्रन यांची व सौंदरम यांची ओळख झाली व दोघांनी विवाह करण्याचे ठरविले. विधवेचा पुनर्विवाह, आणि तोही परजातीत! ज्या वडिलांनी तिला दिल्लीला पाठविले होते, त्यांनीच या विवाहाला विरोध केला. गांधीजींनी दोघांना एक वर्ष परस्परांशी संबंध न ठेवता राहावयास सांगितले. वर्षानंतरही निश्चय टिकला, तेव्हा १९४० मध्ये सेवाग्राम आश्रमात गांधीजी व कस्तुरबा यांच्या साक्षीने हा विवाह झाला. १९४७ मध्ये या दांपत्याने दिंडुक्कलजवळ गांधीग्राम ही संस्था स्थापिली. चिन्नलपट्टी येथील लहानशा दवाखान्यापासून तेथील कस्तुरबा रुग्णालय वाढले. १९६२ मध्ये डॉ. सौंदरम यांना पद्मभूषण मिळाले व त्या केंद्रात शिक्षण खात्याच्या उपमंत्री झाल्या. १९७६ मध्ये गांधीग्रामच्या ग्रामीण शिक्षणसंस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग सुंदरम अय्यंगार यांना मोठे म्हणावे की नाही? मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. ज्याने परक्याच्या रस्त्यावरचे खिळे वेचले, त्याला आपल्याच मुलीच्या रस्त्यावरचा एक खिळा दिसला नाही, असे म्हणता येईल. पण केवळ एवढेच म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी तिला शिकविले नसते, तर विरोध करण्याचा प्रसंगही त्यांच्यावर आला नसता! समाजाचा पुढारी आपल्या काळापेक्षा काही पावले पुढे चालतो, पण एका ठिकाणी त्याचेही पाऊल अडते. त्याने आधी जे बळ दिलेले असते, त्याच्या आधारावर पुढची पिढी ती जागा ओलांडते. मदुरेपासून गांधीग्राम सुमारे ५० किलोमीटर आहे. हे अंतर बापाने सुरू केलेल्या वाटेवरून लेकीने कापले असे मी मानते. तिने वडिलांचे नाव टाकले नाही. टी. एस. सौंदरम रामचंद्रन या नावातील 'एस' हे अक्षर सुंदरम यांचे आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. यंदा दिवाळीनंतर माझ्यासाठी एक स्थळ आले होते. 'तिची परीक्षा होऊ द्या,' एवढेच सांगून वडिलांनी त्या मंडळींना चहा देऊन पाठविले. हा लेख पुरा झाल्यावर एका संध्याकाळी मी तो त्यांना गॅरेजमध्ये वाचून दाखविला. लोहचुंबकाच्या गाडीची गोष्ट ऐकून ते मनापासून हसले व 'माणूस धंद्यातला होता गं,' असे म्हणाले. कोळशाच्या वायूबद्दल लिहिलेल्या मजकुरात त्यांनी एक दुरुस्तीही सुचविली, ती मी केली आहे. सौंदरम यांचा भाग आला तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. वाचून झाल्यावर थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटचं परत वाच."

मी परत वाचले.