रिट्रीव्हरच्या पिल्लाची पक्ष्याशी पहिली ओळख

लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर हे कुत्रे आपण आजूबाजूला नेहमी बघतो. पण 'रिट्रीव्हर' या शब्दाचा अर्थ काय? रिट्रीव्हर म्हणजे शोधून परत आणून देणारा. बंदुकीने पाडलेला पक्षी झुडपातून किंवा पाण्यातून शोधायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा, हे या कुत्र्यांचं मूळ काम. आज हे काम पिल्लाला कसं शिकवतात ते पाहू.

पार्श्वभूमी

गोल्डन रिट्रीव्हर ही जात स्कॉटलंडमध्ये तयार झाली. लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे 'नूस' नावाचा पिवळा कुत्रा आणि 'बेल' नावाची वॉटर स्पॅनियल कुत्री होती. १८६८ साली त्यांना झालेल्या पिल्लांपासून या जातीची सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये आजही ठरलेल्या हंगामात पक्ष्यांची शिकार चालते. इंग्लंडमध्ये फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असतो. फेझंट हा आपल्या मोराच्याच कुळातला पक्षी. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे, म्हणून हा विषय आपण फक्त समजून घेण्यासाठी अभ्यासतो आहोत.

पहिली भेट महत्त्वाची का?

गोळी लागलेला प्रत्येक पक्षी जागीच मरत नाही. जखमी पक्षी झुडपात लपतो. कुत्र्याने तो शोधला नाही, तर तो तडफडत मरतो. म्हणून चांगला कुत्रा असणं ही तिथे शिकाऱ्याची जबाबदारीच मानली जाते. कुत्र्याने पक्षी हळुवार धरला पाहिजे, दात रुतता कामा नयेत. याला 'मऊ तोंड' म्हणतात. पहिल्याच भेटीत पिल्लू घाबरलं किंवा त्याला पक्षी चावायची सवय लागली, तर ते सुधारणं फार अवघड जातं.

शिकवण्याचे टप्पे

१. खेळ : साधारण आठ आठवड्यांचं पिल्लू नव्या घरी येतं. घरातल्या बोळात गुंडाळलेला मोजा थोडा पुढे टाकायचा. बोळात पळून जायला दुसरी वाट नसते, त्यामुळे पिल्लू मोजा घेऊन आपल्याकडेच येतं. आलं की आधी शाबासकी द्यायची, वस्तू नंतर घ्यायची. हिसकावून घ्यायची नाही आणि रस्सीखेच तर मुळीच खेळायची नाही. त्यातूनच घट्ट धरायची सवय लागते.

२. दात पडण्याचा काळ : चार ते सहा महिन्यांच्या सुमारास दुधाचे दात पडतात, हिरड्या दुखतात. तेव्हा आणून द्यायचा सराव थांबवायचा. नाहीतर वस्तू तोंडात धरणं म्हणजे दुखणं, असं पिल्लाच्या डोक्यात बसतं.

३. पिसांची ओळख : सराव पुन्हा सुरू झाला की कापडाची भरीव डमी वापरतात. तिच्यावर फेझंटचा किंवा तित्तिराचा वाळलेला पंख रबरबँडने बांधायचा. वस्तू ओळखीची, फक्त वास आणि स्पर्श नवा.

४. थंड पक्षी : नंतर मेलेला, थंड झालेला, रक्त नसलेला छोटा पक्षी. तित्तिर त्यासाठी सोयीचा. कबुतराची पिसं सुटून तोंडाला चिकटतात, ते काही पिल्लांना आवडत नाही. मग तो पक्षी जुन्या पातळ मोज्यात घालून देतात. पिल्लू नुसतं हुंगत राहिलं तर हुंगू द्यावं, रागावू नये.

५. ताजा पक्षी : नुकताच पडलेला, अजून गरम असलेला पक्षी त्यानंतर. जिवंत, जखमी पक्षी सगळ्यात शेवटी. फेझंटच्या नराच्या पायाला आर असते. तिने ओरखडा बसला तर पिल्लू कायमचं बिचकतं, नाहीतर पुढच्या वेळी पक्षी जोरात दाबतं.

बंदुकीच्या आवाजाची सवय वेगळ्या दिवशी, लांबून लावायची. पक्षी आणि आवाज या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी नवीन नकोत.

यातून काय शिकायचं?

शिक्षणशास्त्रात आपण 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून अवघडाकडे' हे सूत्र वाचतो. इथे नेमकं तेच दिसतं. मोज्याकडून पंखाकडे, पंखाकडून पक्ष्याकडे. एका वेळी एकच नवी गोष्ट. पिल्लू अडलं की एक पायरी मागे जायचं. अडलेल्या पिल्लाला पुढे ढकललं तर ते शिकत नाही, फक्त भितं. वर्गात मूल अडतं तेव्हाही हेच लक्षात ठेवायला हवं.

विचार करा

१. 'मऊ तोंड' म्हणजे काय? त्याची गरज का असते?
२. दात पडताना सराव का थांबवतात?
३. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' या सूत्राचं तुमच्या विषयातलं एक उदाहरण लिहा.