शेततळ्यातील शेवाळ व ठिबक संचाची गाळणी

नागपुरातील प्रताप नगर येथे प्रस्तुत लेखकाच्या घरी मासे पाळण्याची काचेची एक लहान पेटी आहे. एका उन्हाळ्यात तिचे पाणी हिरवे होऊ लागले. पाणी बदलले, गाळणी धुतली. चार दिवसांत पुन्हा तोच रंग. अखेर पेटी खिडकीपासून दूर हलविली व माशांचे खाद्य मुठीवरून चिमटीवर आणले, तेव्हा कोठे पाणी निवळले. काटोल, नरखेडकडील संत्राबागांना पाणी पुरविणाऱ्या शेततळ्यांतही हेच घडते. तेथे मात्र तळे उचलून सावलीत नेता येत नाही.

शेवाळास ऊन, नत्र व स्फुरद लागते. पैकी ऊन आपल्या हाती नाही. नत्र व स्फुरद बहुधा आपणच पुरवितो. गोठ्याचे किंवा खत दिलेल्या वावराचे पाणी तळ्यात उतरत असल्यास प्रथम ते वळवावे. माशांना उरेल इतके खाद्य टाकू नये. चंदेरा मासा पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ खातो. तंतूंचे शेवाळ जाळीने ओढून काढावे व लांब खताच्या खड्ड्यात न्यावे. काठावर कुजू दिल्यास त्यातील अन्नद्रव्ये पावसाबरोबर तळ्यातच परततात.

मोरचूद हा शेवटचा उपाय होय. पुष्कळांचा तो पहिला असतो. मासे असलेल्या तळ्यात तो वापरूच नये. मोरचूद माशांना विषारी आहेच, शिवाय एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपविते व पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात. मासे नसल्यास दर हजार लिटर पाण्यास एक ग्रॅमपेक्षा अधिक मोरचूद घालू नये. येथे हिशेब चुकतो. १५ × १५ × ३ मीटरचे तळे काठोकाठ भरले तरी त्यात ६७५ घनमीटर पाणी नसते. बाजूंचा उतार एकास एक असल्यास तळ ९ × ९ मीटरचाच उरतो व पाणी ४४१ घनमीटर भरते. म्हणजे ४४१ ग्रॅम पुरे असताना दीडपट विष पडते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशेब शेतकऱ्यांसमोर मांडून दाखवावा.

पंपाचे शोषणाचे तोंड तरंगत्या पिंपास बांधून पृष्ठाखाली दीड-दोन फुटांवर ठेवावे. वर शेवाळ असते, तळाशी गाळ. तळ्याच्या पाण्यास केवळ जाळीची गाळणी पुरत नाही, तिच्या आधी वाळूची हवीच. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबात अर्ध्या किलोचा फरक दिसू लागताच पाणी उलट सोडून वाळू धुवावी. तोट्यांत चिकटा धरल्यास विरंजक चूर्णाची निवळी संचातून सोडता येते. मात्र क्षार काढण्याचे आम्ल तिच्यात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ही दोन कामे वेगवेगळ्या दिवशी करावीत व मध्ये संच साध्या पाण्याने धुऊन काढावा.