ओठ, ग्रहण आणि विंगेतली खूण

बाळाचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला असला, की पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो. भीमपूरकडे काय किंवा पैनगंगेपलीकडे काय, प्रश्न एकच : "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" मग विळी, सुई, कात्री सगळ्यांची झडती होते. या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायला आपल्याला उंदराच्या गर्भापर्यंत जावं लागेल.

आपल्या डीएनएचा जेमतेम २ टक्के भाग प्रथिनं कशी बनवायची हे सांगतो. उरलेल्या भागाला पूर्वी सरसकट 'कचरा' म्हणत. पण त्यातले काही छोटे तुकडे मोठं काम करतात. त्यांना एन्हान्सर म्हणतात. आपण 'वर्धक' म्हणू.

नाटकाचं उदाहरण घ्या. जनुक म्हणजे नट. तो एकाच प्रयोगात अनेकदा रंगमंचावर येतो. त्याला कधी, कुठं यायचं याची खूण विंगेतून मिळते. वर्धक ती खूण देतो. तो जनुकापासून लाखो अक्षरं दूरही असू शकतो. डीएनएचा धागा वळतो आणि दोघं जवळ येतात. एकाच जनुकाला चेहऱ्यासाठी एक वर्धक आणि हातापायांसाठी दुसरा, असंही असतं.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत अ‍ॅक्सेल व्हिसेल यांच्या गटानं उंदराच्या गर्भातला, घडत असलेला चेहरा तपासला. २०१३ साली 'सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला. चेहरा घडवताना काम करत असावेत असे ४ हजारांहून जास्त वर्धक त्यांना सापडले. त्यांतले तीन त्यांनी उंदरांमधून एकेक करून काढून टाकले. जनुकांना हात लावला नाही. उंदीर वाढले, पण कवटीचं सूक्ष्म स्कॅनिंग केल्यावर लांबी-रुंदीत बारीक फरक दिसले. नट तोच, एक खूण चुकली आणि प्रवेश किंचित बदलला. माणसांच्या चेहऱ्यांतल्या वेगळेपणाचं एक कारण इथं असावं.

आता ओठाकडे येऊ. २००८ साली संशोधकांना आयआरएफ-६ या जनुकाच्या वर्धकात एका अक्षराचा बदल आढळला. त्यानं ओठ दुभंगण्याचा धोका वाढतो. हा बदल पुष्कळ निरोगी माणसांतही असतो, म्हणजे तो एकटा पुरेसा नाही. इतर जनुकं, गरोदरपणातलं धूम्रपान, फेफऱ्याची काही औषधं अशी अनेक कारणं मिळून हे घडतं.

आणि वेळ बघा. गर्भाचा वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळून जातो. पुष्कळदा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. मग पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या ग्रहणानं जुळलेला ओठ कसा फाटेल? ग्रहण तर साऱ्या गावाला लागतं.

अशा बाळाचा ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शस्त्रक्रियेनं जोडता येतो, टाळू त्यानंतर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. म्हणून ओळखीच्या घरी असं बाळ जन्मलं, तर ग्रहणाची तारीख विचारू नका. आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवा, आणि त्या आईला आवर्जून सांगा, "बाई, यात तुझा काही दोष नाही."