गटावरील निरोप व फोन नसलेली घरे

आमच्या नोकरीच्या काळी सरकारी जाहीरनामा चावडीवर वाचला जाई व गावात दवंडी पिटली जाई. ज्यास वाचता येत नसे त्याच्याही कानी तो पडे. आता हे काम बहुतांशी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर होते. ही सोय मोठी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु गटावर टाकलेला निरोप साऱ्या गावास पोचला असे समजणे ही चूक होय.

गेल्या हंगामी सोमाटण्यात भात कापून खाचरात पडले असता पाऊस आला. पंचनाम्याची वेळ रात्री गटावर आली. आमच्या शेजारच्या एका विधवा बाईंच्या घरी फोन एकच. तो घेऊन मुलगा तळेगावास कारखान्यात रात्रपाळीस गेलेला. बाईंना कळले तेव्हा पाहणी आटोपली होती.

अशा अडचणी मुख्यत्वे तीन आहेत.

पहिली यंत्राची. इ. स. २०१७ साली १५०० रुपये अनामतीवर जिओफोन मिळू लागला व २०१८ साली त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आले. पण जून २०२४ पासून तशा फोनांवर ते नव्याने घेता येईनासे झाले व पुढे पूर्वी घेतलेलेही चालेनासे झाले. फोन धड असूनही निरोप मात्र बंद पडला.

दुसरी खर्चाची. २०१६ नंतर डेटा पुष्कळ स्वस्त झाला. तथापि जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढविले. साधा रिचार्ज २८ दिवसांत संपतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सुगीस.

तिसरी वापराची. फोन घरात असणे व हाती असणे या भिन्न गोष्टी होत. शेतात राबणाऱ्या बाईस तो बहुधा मागून घ्यावा लागतो. आणि अक्षरओळख नसेल तर लेखी मजकूर व्यर्थच.

यास्तव आपल्या सोसायटीने पुढीलप्रमाणे करावे :

(१) गटावरील प्रत्येक निरोप त्याच दिवशी फळ्यावर लिहावा.

(२) तो लेखी न धाडता शक्यतो बोलून धाडावा.

(३) प्रत्येक आळीस एक सभासद नेमून फोन नसलेल्या घरांची यादी त्याजपाशी द्यावी व त्याने घरोघर सांगावे.

(४) १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत एका मोबाइलवरून अनेक खातेदारांच्या पिकांची नोंद करता येते. अशा घरांची नोंद त्याच सभासदाने करून द्यावी.

येत्या खरिपापूर्वी ही यादी तयार व्हावी, अशी सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे.