पाण्यातले आर्सेनिक मूत्राशयाला कसे बाधते?

प्रश्न : आमच्या घरी विहिरीचे पाणी आहे. पाण्यातल्या आर्सेनिकमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो, असे वाचले. पाणी तर पोटात जाते, मग इजा मूत्राशयाला का? आणि आम्हाला कितपत भीती?
— एक वाचक, पाली (ता. सुधागड)

उत्तर : आधी भीतीचे बोलू. तुमच्याकडचा कातळ दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणून ती सहसा कमी. आर्सेनिकचे मोठे संकट आहे ते गंगेच्या गाळाच्या प्रदेशात. पश्चिम बंगालमधले रुग्ण १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी ओळखले. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे गडचिरोलीच्या सीमेपलीकडचा, छत्तीसगडमधला अंबागड चौकीचा परिसर. तिथे आर्सेनिक खडकातूनच पाण्यात उतरते.

आता मूत्राशय. आतड्यातून रक्तात गेलेले आर्सेनिक यकृतात पोचते. यकृत त्याला मिथाइल गट जोडते, म्हणजे ते लघवीवाटे लवकर निघून जावे. पण या खटाटोपात तयार होणारे एक मधले रूप मूळ आर्सेनिकपेक्षाही विषारी असते. लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठते आणि अस्तराच्या पेशी तेवढा वेळ त्या विषाच्या सहवासात राहतात. हे आर्सेनिक प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटते. डीएनएची दुरुस्ती करणारी काही प्रथिने गंधकाच्या आधारानेच जस्ताचा अणू धरून ठेवतात. आर्सेनिक त्या जस्ताला हुसकावते आणि दुरुस्ती अडते. शिवाय पेशीत ऑक्सिडेशनचा ताण वाढून डीएनएची नवी मोडतोड होते ती वेगळीच. या अस्तराच्या मानवी पेशी प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने अगदी अल्प मात्रेतल्या आर्सेनिकमध्ये ठेवल्या, तरी त्या कर्कपेशींसारख्या वागू लागतात.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती चिलीतल्या अँटोफगास्ता शहराची गोष्ट. १९५८ साली तिथे नव्या नदीचे पाणी आणले. त्यात लिटरमागे साडेआठशे मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक होते. आपले आजचे मानक १० चे आहे. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र आले, पाणी सुधारले. तरी मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढे कित्येक दशके जास्तच राहिले. त्रास दिसू लागेपर्यंत थांबायचे नाही, ते एवढ्यासाठी.

आर्सेनिकला रंग, वास, चव नसते. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. क्लोरीननेही ते निघत नाही. म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करा आणि नमुना देताना आर्सेनिकची चाचणी हवी, असे मुद्दाम सांगा. तुमच्याजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांतले पाणीही तपासल्याशिवाय रोज पिऊ नका. जगात अनेक ठिकाणी भूगर्भातल्या गरम पाण्यात आर्सेनिक सापडले आहे. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर त्याच्या मूत्राशयाला धोका एरवीही जास्त असतो. लघवीतून रक्त गेले, ते एकदाच आणि न दुखता गेले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.